पान रिकामे आहे : महानगरपालिकेच्या आयुक्तांस खुले पत्र

नेरूळ, नवी मुंबई

माननीय आयुक्त, नवी मुंबई महानगरपालिका, बेलापूर यांचे सेवेशी


ज्या माणसाचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या सहीसाठी मसुदे तयार करण्यात गेले, त्याने उतारवयात उठून एका वरिष्ठ अधिकाऱ्यास जाहीर पत्र लिहावे, यात आमच्या पिढीच्या कचेरीतील शिस्तीचा काहीसा भंग होतो, याची मला जाणीव आहे. मागणी असेल तर अर्ज करावा, तो बारनिशीत दाखल करून आवक क्रमांक घ्यावा, मुदतीत उत्तर न आल्यास स्मरणपत्र पाठवावे, ही आमची रीत. आणि ती वाईट होती असे मला आजही वाटत नाही. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते कोणत्याही एका प्रकरणासंबंधी नाही, ते कागद नावाच्या वस्तूसंबंधीच आहे. आणि ज्या विषयाला कोणत्याच कार्यालयात स्वतंत्र टेबल नाही, तो विषय चारचौघांच्या देखत मांडलेला बरा, असे वाटून हे पत्र खुले ठेवीत आहे.

कोकणातील एका तालुक्याच्या कचेरीत मी एकतीस वर्षे नोकरी केली. कारकून म्हणून रुजू झालो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पुढे मुलाने नेरूळला घर घेतले तेव्हा आम्ही उभयता येथे राहावयास आलो, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत काचबिंदूने माझी दृष्टी नेली. हा रोग चोरपावलांनी येतो. तो दुखत नाही, खुपत नाही. आधी नजरेच्या कडा कुरतडतो आणि मधला भाग सर्वांत शेवटी घेतो, त्यामुळे आपल्याला चांगले दिसते आहे अशी माणसाची पुष्कळ दिवस समजूत असते, फक्त दारांच्या चौकटी खांद्याला लागू लागलेल्या असतात. आज मला उजेड आणि अंधार यांतला भेद कळतो, अक्षर कळत नाही. असे असूनही हे पत्र मी स्वतः संगणकावर लिहिले आहे, तीन वेळा वाचले आहे, आणि त्यातील ऱ्हस्वदीर्घही माझे मीच तपासले आहेत. बाणाची कळ एकेक घर पुढे सरकवीत गेले की यंत्र अक्षर, काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी असे सुटे सुटे सांगते. कचेरीत ज्याला मी 'नजरेखालून घालणे' म्हणत असे, ते आता कानाखालून घालतो, इतकाच फरक.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, तो सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका कार्यालयाकडून माझ्या निवृत्तिवेतनाच्या फरकासंबंधी ईमेल आला. ते कार्यालय आपले नव्हे, आणि त्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजनही नाही. ईमेलच्या मजकुरात 'सोबतचे पत्र पाहावे' एवढेच होते. सोबतचे पत्र मी उघडले. माझ्या संगणकावरील स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, क्षणभर थांबला आणि आपल्या त्या सपाट आवाजात इंग्रजीतून एवढेच म्हणाला की पान रिकामे आहे. मी दुसऱ्या पानावर गेलो, तेही रिकामे. चुकून कोरा कागद जोडला गेला असावा असे समजून मी तो ईमेल बाजूला ठेवला आणि दुरुस्त पत्र येण्याची वाट पाहत बसलो.

वास्तविक त्या पानांवर बोधचिन्ह होते, जावक क्रमांक होता, दिनांक, विषय आणि संदर्भ होते, तीन परिच्छेद होते, एक तक्ता होता, सही होती, आणि सहीवर अर्धा चढलेला गोल शिक्का होता. हे मला अकरा दिवसांनी कळले, शेजारच्या बिऱ्हाडातील आठवीतल्या मुलाकडून. मुलगा गुणी आहे. 'अनुज्ञेय' हा शब्द त्याने तीन तुकड्यांत वाचला आणि 'वसुलीपात्र' या शब्दाशी तो थांबून माझ्याकडे पाहू लागला असावा, कारण त्याचा आवाज थोडा खाली गेला. माझे निवृत्तिवेतन किती, पत्नीच्या आजारपणाच्या देयकातील किती रक्कम नामंजूर झाली, माझ्याकडून किती वसूल करावयाचे आहे, हे सारे आमच्या दिवाणखान्यात त्या कोवळ्या आवाजात उच्चारले गेले. हरकत घेण्याची मुदत पंधरा दिवसांची होती. मी हरकत घेतली, आणि तिचे पुढे काय व्हावयाचे ते होईल. त्याविषयी मला आपल्याकडे काही मागावयाचे नाही. मला प्रश्न पडला तो असा की, ज्या पत्रातील प्रत्येक अक्षर मुळात संगणकावरच टंकलिखित झाले होते, ते माझ्या संगणकापर्यंत येताना कोरे कसे झाले?

त्याचे उत्तर मला कोणी सांगावयास नको, कारण सेवेच्या अखेरच्या काही वर्षांत ते काम मी या हातांनी केले आहे. कारकून पत्र संगणकावर तयार करतो. साहेबांच्या सहीसाठी ते छापतो. सही-शिक्का झाला की तोच कागद स्कॅनरच्या काचेवर पालथा घालतो, आणि जी छबी निघते ती ईमेलने पाठवतो किंवा संकेतस्थळावर चढवतो. डोळस माणसाला त्या छबीत आणि मूळ पत्रात काही अंतर दिसत नाही. उलट शिक्का दिसतो म्हणून छबीच अधिक अस्सल वाटते. परंतु यंत्राच्या दृष्टीने मूळ पत्र हा मजकूर आहे आणि छबी हे केवळ चित्र आहे, सूर्यास्ताचे किंवा आंब्याचे असावे तसे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र. मजकूर यंत्र मोठ्याने वाचू शकते, मोठ्या ठशात दाखवू शकते, ब्रेलच्या उठावदार टिंबांत उतरवू शकते. चित्रातून ते अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करते खरे, आणि ती विद्या अलीकडे पुष्कळ सुधारली आहे. परंतु देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची चण इतकी सारखी, आणि शिक्का नेमका रकमेवर पडलेला असण्याची शक्यता इतकी मोठी, की ज्या पत्रात आकडा आणि तारीख हेच सर्वस्व, तेथे अशा अंदाजावर विसंबणे धोक्याचे असते. 'धनादेश' या शब्दाचा 'घनादेश' झालेला मी अनेकदा ऐकला आहे. तो मनातल्या मनात दुरुस्त करता येतो. पाचाचा सहा झाला तर तो दुरुस्त करावयास आधार कशाचा?

मजकूर वाचून दाखवणाऱ्या या यंत्राशी माझी ओळख करून दिली ती आमच्याच वसाहतीतील एका तरुणाने. तो जन्मांध असून मुंबईच्या एका बँकेत नोकरी करतो आणि गेली कित्येक वर्षे हार्बर मार्गाने एकटा ये-जा करतो. गाडी वाशीच्या खाडीपुलावर आली की रुळांचा आवाज पोकळ होतो आणि वारा खारा होतो, त्यावरून स्थानकाच्या घोषणेची वाट न पाहता आपण कोठे आहोत हे त्याला कळते. मी दृष्टी गेल्याचे दुःख करीत घरात बसून आहे असे त्याच्या कानावर गेले, तेव्हा एका रविवारी तो आपण होऊन आला, माझ्या मुलाच्या जुन्या संगणकावर त्याने एनव्हीडीए नावाची प्रणाली चढवली, आणि पडद्यावर काय आहे हे न विचारता मला म्हणाला, "काका, आता पडदा बंदच करून टाका. आपल्याला त्याचे काम नाही." पहिले पंधरा दिवस त्या आवाजाने माझे डोके उठले. तो आवाज थकत नाही, श्वास घेत नाही, आणि त्याला मराठीतील दोन च ठाऊक नाहीत. 'चहा' आणि 'चमचा' तो एकाच घाटात उच्चारतो. यात सारा दोष त्याचा नाही, कारण आपल्या लिपीतही त्या दोन उच्चारांना वेगळी चिन्हे नाहीत. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी आवाज ऐकू येईनासा झाला आणि केवळ अर्थ येऊ लागला. ज्याने कोणी आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावला असेल त्याला हा अनुभव समजेल.

ही प्रणाली कोणी केली, हे आपणास सांगणे मला अगत्याचे वाटते. २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने तिचा आरंभ केला आणि पुढे जेम्स तेह हा त्याचा तसाच अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तोपर्यंत अशी यंत्रवाणी मिळत असे ती पुष्कळ महाग. अमेरिकेत टेड हेन्टर या, अपघातात दृष्टी गमावलेल्या, अभियंत्याच्या संस्थेने १९८९ साली काढलेली जॉज ही प्रणाली उत्तम होती आणि आहे, तथापि ती विकत घेणे आपल्याकडील सामान्य अंध माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. करन आणि तेह यांनी आपली प्रणाली मोफत ठेवली, आणि तिचा अंतर्भाग कोणालाही पाहता व सुधारता येईल असा उघडा ठेवला. म्हणूनच नेरूळमधील एका निवृत्त कारकुनाला ती एक पैसाही न देता मिळाली. मी ज्या पेशात आयुष्य काढले त्याच्याशी या गोष्टीचे एक जुने नाते आहे. टंकलेखनाच्या यंत्राचा जो अगदी आरंभीचा अवतार, तो इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने एका अंध उमरावकन्येसाठी बनवला होता, तिला स्वतःच्या हाताने खाजगी पत्रे लिहिता यावीत म्हणून. ते यंत्र काळाच्या ओघात नाहीसे झाले. तिने त्यावर लिहिलेली काही पत्रे मात्र जपून ठेवलेली आहेत. ज्या यंत्रावर कचेऱ्यांचा कारभार शंभर वर्षे चालला, त्याच्या मुळाशी एका दृष्टिहीन स्त्रीची खाजगी पत्रे असावीत, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ स्तब्ध बसून राहिलो.

छबीविषयी इतके पुरे. दुसरी अडचण अधिक आतली आहे, आणि तिच्यात माझा स्वतःचा वाटा आहे.

आमच्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा मराठीसाठी जे टंक, म्हणजे फॉन्ट, वापरात होते, त्यांची युक्ती अशी होती की यंत्राच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठवावयाची आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकृत्या उमटवावयाच्या. कृतिदेव हा टंक घ्या. त्यात न हवा असेल तर यंत्रात 'यू' साठवला जातो, म साठी 'ई', अर्ध्या स साठी 'एल', क साठी 'डी', कान्यासाठी 'के' आणि र साठी 'जे'. म्हणजे डोळ्यांना 'नमस्कार' दिसतो आणि यंत्राला ठाऊक असते ते 'यू ई एल डी के जे'. त्यात ज्यांनी हे टंक घडवले त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी सर्वमान्य प्रमाण रूढ झालेले नव्हते आणि काम तर अडून राहिले होते. अशा टंकांमुळेच मराठी कारभार संगणकावर आला. परंतु तो जसा आला तसाच पुष्कळ ठिकाणी राहिला.

१९९८ साली, कचेरी सुटल्यावर एकेक तास थांबून, मी माझ्या वडिलांच्या आठवणी टंकलिखित केल्या होत्या. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. अखेरच्या आजारपणात त्यांनी मला त्या सांगितल्या आणि मी टिपून घेतल्या. त्रेचाळीस पाने होती. फ्लॉपीवरून चकतीवर, चकतीवरून पेनड्राइव्हवर अशी ती मी पंचवीस वर्षे जपली. यंत्र वाचून दाखवू लागल्यावर मी प्रथम जे उघडले ते हेच. पहिल्या पानाच्या आरंभी वडिलांनी आपल्या गावाचे आणि नदीचे वर्णन केले होते, ते मला जवळजवळ पाठ होते. यंत्राने वाचावयास सुरुवात केली आणि खोलीत इंग्रजी अक्षरांची एक अर्थहीन माळ सुरू झाली, यू, के, जे, एल, मध्येच एखादा कंस, मध्येच एखादे उद्गारचिन्ह. मी कळ दाबून ते थांबवले. वडिलांचे शब्द तेथेच होते, एकही हरवला नव्हता. परंतु मी त्यांना ज्या वेशात कोंडून ठेवले होते त्या वेशात ते आता डोळ्यांखेरीज कोणालाच ओळखता येत नव्हते, आणि ते डोळे माझ्याजवळ उरले नव्हते. त्या बँकेतील तरुणाने एक रूपांतर करणारे साधन मिळवून ती पाने नव्या प्रमाणात आणली. 'दऱ्या', 'तऱ्हा' असे शब्द जागोजाग मोडले होते. ते आम्ही दोघांनी मिळून, मी आठवीत आणि त्याने दुरुस्त करीत, सहा रविवारांत नीट केले.

त्या सहा रविवारांत वारंवार माझ्या मनात येत असे ते असे, की याच टंकात मी नोकरीत किती नोटिसा, किती दाखले, किती आदेश तयार केले असतील, आणि त्यांतील किती अशा माणसांच्या हाती गेले असतील की ज्यांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले! एक वृद्ध अंध गृहस्थ एकदा वारसनोंदीच्या प्रकरणात माझ्या टेबलाशी आले होते, आणि त्यांनी पत्र पुढे करून, यात काय लिहिले आहे असे विचारले होते. मी त्यांना सांगितले की कोणाकडून तरी वाचून घ्या. माझ्यासमोर त्या दिवशी गर्दी होती हे खरे. परंतु ते वाक्य मी उच्चारले होते हेही खरे.

आज प्रमाणाची सबब उरलेली नाही. भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण १९९१ साली राष्ट्रीय मानक म्हणून निश्चित झाले, आणि त्याच वर्षी जगातील साऱ्या लिप्यांना एका कोष्टकात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला तिची स्वतःची १२८ घरे मिळाली. विंडोज २००० पासून मराठी सामान्य संगणकावर कोणत्याही उसन्या वेशावाचून लिहिता येते. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅक या संस्थेने भारतीय भाषा संगणकावर आणण्यासाठी जे परिश्रम केले ते सर्वश्रुत आहेत, आणि तिचे एक कार्यालय आपल्या मुख्यालयापासून जवळच, खारघर रेल्वे स्थानकासमोर आहे. विद्या दूर नाही. मोफत यंत्रवाणी उपलब्ध आहे, प्रमाण लिपी उपलब्ध आहे, आणि ज्याला त्यांचा उपयोग करावयाचा आहे तो नागरिक शिकून तयार आहे. मध्ये अडतो तो कागद, आणि तो कागद करणारे आम्ही.

कायद्याचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो आपणास माझ्याहून अधिक ठाऊक आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी त्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले, आणि त्याच्या ४२ व्या कलमाने ध्वनी, मुद्रण व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात मिळेल याची जबाबदारी शासनावर टाकली. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की सुगम्यतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक असले पाहिजेत. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी, अॅसिड हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या स्त्रिया आणि एक अंध नागरिक यांच्या याचिकांवर निर्णय देताना, त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा, अशी जेथे अट होती, तेथे ज्याला मिचकावण्यास पापणीच उरलेली नाही त्याने काय करावे, हा त्या याचिकांतला प्रश्न होता. आपल्या राज्याने तर ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, हुकूम वरून आलेला आहे. तो स्कॅनरच्या काचेपर्यंत पोहोचावयाचा आहे.

आणि हे पत्र मी आपणासच का लिहितो आहे, हेही सांगितले पाहिजे. १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेली आपली महानगरपालिका वयाने लहान आहे. तिच्या तळघरात शतकाशतकांची दफ्तरे साचलेली नाहीत. सिडकोने हे नगर १९७० नंतर कागदावर आधी आखले आणि मग जमिनीवर वसवले, त्यामुळे नवे करून पाहण्याची येथील माणसाला सवय आहे. शिवाय वाशीला आपले ईटीसी केंद्र आहे. अपंगत्वाच्या निरनिराळ्या प्रकारांतील मुलांचे शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवा एका छताखाली आणण्याचे काम एका महानगरपालिकेने आपल्या शिरावर घ्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि मला त्याचा नागरिक म्हणून अभिमान वाटतो. तेथील मूल उद्या मोठे होईल, त्याच्या नावे घर होईल, पाण्याचे देयक येईल, मालमत्ता कराची मागणी येईल, एखादी नोटीसही येईल. ज्या संस्थेने त्याला वाचावयास शिकवले, तिचाच कागद त्याला वाचता येऊ नये, असे घडता कामा नये.

मी अंध असल्यामुळे अंधांचेच बोलतो आहे, परंतु प्रश्न तेवढाच नाही. हात कंप पावणाऱ्या माणसाला दोन कळा एकाच वेळी दाबता येत नाहीत, म्हणून एक दाबून सोडली तरी ती दाबलेलीच समजावी, अशी सोय संगणकात फार पूर्वीपासून आहे. परंतु पाच मिनिटांत भरला नाही तर पुसून जाणारा ऑनलाइन अर्ज त्याची सारी मेहनत मातीत घालतो. स्टीफन हॉकिंग यांनी अखेरच्या वर्षांत गालाच्या एका स्नायूच्या हालचालीने, चष्म्याला लावलेल्या संवेदकाच्या साहाय्याने, शब्दामागून शब्द निवडून ग्रंथ आणि व्याख्याने लिहिली. आपल्या एखाद्या अर्जावर त्यांनाही मुदत संपल्याचा शेरा मिळाला असता. कर्णबधिराला चित्रफितीतील घोषणा अक्षरांत हवी असते. गरजा वेगळ्या, परंतु मजकूर मजकूर म्हणून उपलब्ध असेल तर त्यांतील बहुतेकांची वाट मोकळी होते.

माझी विनंती नव्या खर्चाची नाही. आपल्या प्रत्येक विभागात असा एक दंडक घालून द्यावा की, कोणतेही पत्र, नोटीस किंवा जाहीर प्रकटन बाहेर जाण्यापूर्वी ते करणाऱ्याने त्यातील एक ओळ निवडावी, तिची नक्कल करावी आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर चिकटवावी. ओळ शुद्ध मराठीत उतरली तर कागद वाचनीय आहे. इंग्रजी अक्षरांची माळ उतरली तर टंक जुना आहे. आणि ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. या परीक्षेस अर्धा मिनिट लागतो आणि तिला कोणताही अभियंता लागत नाही. सही-शिक्क्याची प्रत हवीच असेल तर ती अवश्य पाठवावी, तिच्या सोबत मूळ मजकूरही पाठवावा. सहीचे काय, असा प्रश्न आपल्या आस्थापनेतील एखादा माझ्यासारखा जुना माणूस उपस्थित करील, आणि तो प्रश्न प्रामाणिक असेल. त्याला असे सांगावे की २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने डिजिटल स्वाक्षरीस मान्यता दिलेली आहे, आणि मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय संकेतांक घालून, डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित होऊनच जारी होतात. मंत्रालयाचा कागद त्या सहीने खरा ठरतो, तर प्रभाग कार्यालयाचाही ठरेल.

टंकलेखनाच्या शिस्तीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती माझ्या पेशाची आहे. आम्ही मथळा ठळक करीत असू, मध्यावर घेत असू, खाली रेघ मारीत असू. डोळ्याला तेवढ्याने मथळा कळतो. यंत्राला मात्र हा मथळा आहे असे त्याच्या भाषेत सांगावे लागते, त्यासाठी लेखनप्रणालीत मथळ्याची स्वतंत्र खूण असते. ती खूण केलेली असली तर माझ्यासारखा माणूस शंभर पानी अंदाजपत्रकात एकेक कळ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जातो आणि हवे ते पान दोन मिनिटांत गाठतो. ती नसेल तर त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावे लागते. तक्त्याचेही तसेच: रकाने मोकळ्या जागा सोडून रचले तर आकडे कोणत्या रकान्याचे ते यंत्राला कळत नाही आणि ते एका दमात सारे वाचत सुटते. रस्ता बंद असल्याचे जाहीर करताना केवळ नकाशा न देता, कोठपासून कोठपर्यंत आणि कोणत्या बाजूने जावे, हे दोन वाक्यांत लिहावे. चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहा, असे जेथे अर्जदारास सांगितले जाते, तेथे तीच परीक्षा कानाने, आणि मराठीतून, देण्याची सोय ठेवावी.

आणि हे सारे झाले की नाही, हे ज्यांना ते वापरावयाचे आहे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे. या नगरात शिकलेले, नोकरी करणारे, नोकरी शोधणारे दिव्यांग तरुण आहेत. त्यांतील काहींना या तपासणीचे काम रीतसर मानधनावर द्यावे, दर तिमाहीस त्यांचा अहवाल मागवावा आणि तो आपल्या सहीने प्रसिद्ध करावा. उपकार म्हणून त्यांना सत्कारास बोलावणे वेगळे आणि त्यांच्या शेऱ्यावरून कागद परत पाठवणे वेगळे. माझा तो बँकेतील तरुण मित्र असे शेरे फार नेमके मारतो. मी या पत्राचा पहिला मसुदा त्याला पाठवला तेव्हा त्याने उत्तरी लिहिले की मजकूर चांगला आहे, परंतु मथळ्याला मथळ्याची खूण केलेली नाही. ती मी आता केली आहे.

आपल्या उत्तराची मी वाट पाहीन. ते टपालाने, सही-शिक्क्यानिशी आले तर मी ते फाइलीत जपून ठेवीन. त्याचबरोबर त्याचा मजकूर, जसा टंकलिखित झाला असेल तसाच, ईमेलनेही पाठवावा. शेजारचा मुलगा आता नववीत गेला आहे, आणि संध्याकाळी त्याची शिकवणी असते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून